अडीच विती

हॉलमधल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा लेकीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी आणला होता. परीक्षा होऊन दोन वर्षं झाली, नकाशा तिथंच राहिला. मीटरभर रुंद, लॅमिनेशन केलेला. खालच्या एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटलीय आणि तो कोपरा पंख्याच्या वाऱ्यावर हलत असतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर आई त्याच्यासमोर उभी होती. अंगठा पुण्यावर टेकवलेला आणि करंगळी ताणून थेट सहारात पोचलेली. चाळीस वर्षं तिनं घरी बसून ब्लाउज शिवले. काही मोजायचं म्हटलं की तिचा पंजा आपोआप पसरतो. सहारापासून दुसरी वीत अटलांटिक ओलांडून गेली, उरलेल्या अर्ध्या वितीत कॅनडा आला. मग तिनं उलट बाजूनं मोजलं. पुण्यापासून उजवीकडे एक वीत, अर्धी वीत, नकाशा संपला. मग डाव्या कडेला येऊन पुन्हा एक वीत, आणि बोट परत त्याच जागी.

"इकडून अडीच, तिकडूनही अडीच," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "म्हणजे ह्याच्यापेक्षा लांब कुणाला जाताच येत नाही ना गं?"

हातातली भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता मी "हो" म्हणून गेले.

माझा धाकटा भाऊ सॅस्काटूनला असतो. कॅनडात, पण टोरांटो-व्हँकुव्हरसारखं कुणी पटकन ओळखेल असं गाव नाही. मधल्या सपाट माळरानातलं, गव्हाच्या शेतांतलं, मधून नदी वाहणारं. थंडीत पारा उणे तीसच्या खाली जातो, तेव्हा तो आईला गॅलरीत उकळतं पाणी उडवून दाखवतो आणि त्याची खाली पडायच्या आत वाफ आणि बर्फाची भुकटी होते. आईनं एवढ्या वर्षांत त्याचं घड्याळ अंगात मुरवून घेतलंय. तो ज्या प्रांतात राहतो तिथं उन्हाळ्यात घड्याळ पुढं करायची पद्धत नाही, त्यामुळे आपल्यात आणि त्याच्यात बाराही महिने साडेअकरा तासांचं अंतर. आईचा हिशेब असा, की आपल्या वेळेत अर्धा तास मिळवायचा आणि रात्रीची सकाळ करायची. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे त्याच्याकडे सकाळचे नऊ. समोरच्या काकूंची मुलगी ऑकलंडला आहे, त्यांना दर सहा महिन्यांनी कधी साडेसहा तर कधी साडेसात तास असं बदलत बसावं लागतं. आईला ह्या एका गोष्टीत आपलं बरं वाटतं. एरवी मात्र ती काकूंना म्हणते, "वहिनी, तुमची जवळ आहे हो." काकू न्यूझीलंड पुण्यापासून किती लांब आहे ते सांगू लागल्या की आई भिंतीकडे बघते. भिंतीवर ऑकलंड दीड वितीवर आहे.

त्या रात्री जेवणं झाली, भांडी झाली, आणि मला माझं ते "हो" टोचायला लागलं. खोटं बोलले होते असं नाही, पण न बघता बोलले होते. आईनं सहज विचारलेलं नव्हतं. सगळ्यात लांबच्या टोकाला आपलं पोर आहे, हे तिनं स्वतःच्या पंजानं मोजून काढलं होतं आणि मी त्यावर शिक्का मारला होता. मी लेकीची नकाशावही काढली. पुणं साधारण ७४ अंश पूर्व. सॅस्काटून १०६ ते १०७ अंश पश्चिम. बेरीज केली आणि थबकले. १८०. जरा इकडेतिकडे, पण १८०च. म्हणजे पुण्यातून उत्तर ध्रुवाकडे जाणारं जे रेखावृत्त आहे, ते ध्रुवावरून पलीकडे उतरलं की जवळजवळ माझ्या भावाच्या दारात जातं. डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही. सरळ वर.

पुढचा हिशेब तर चौथीतल्या पोराला जमेल असा. पुणं साडेअठरा अंशांवर, म्हणजे ध्रुवापर्यंत साडेएकाहत्तर अंश. सॅस्काटून बावन्नावर, म्हणजे ध्रुवापासून अडतीस. दोन्ही मिळून साडेएकशेनऊ. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर बारा हजारांच्या थोडं वर. पृथ्वीवर एखाद्या ठिकाणापासून जास्तीत जास्त लांब जाता येतं ते वीस हजार किलोमीटर. पुण्यापासूनची ती जागा पॅसिफिकमध्ये आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजारएक किलोमीटरवर, जिथं नुसतं पाणी. माझा भाऊ जगाच्या टोकाला नव्हता. टोकापासून आठ हजार किलोमीटर अलीकडे होता.

मग मी बोटानं ती वाट चालत गेले. पुण्याहून नाक सरळ उत्तरेला ठेवून निघायचं. नाशिक लागतं, मग उदयपूर. राजस्थानच्या वाळवंटाच्या कडेकडेनं पंजाब, मग गिलगिट, पामीरचे डोंगर, बिश्केक, कझाकस्तानचं गवताळ रान. रशियात शिरलं की ओम्स्क, त्याच्या वर सुरगुत, मग ओब नदीचं ते लांबलचक आखात, कारा समुद्र, आणि पुढं नुसतं बर्फ. ध्रुव. ध्रुव ओलांडला की पुन्हा बर्फ, कॅनडाची बेटं, त्यातल्या व्हिक्टोरिया बेटावरचं केंब्रिज बे, मग तळ्यांनी भरलेला ओसाड मुलूख, प्रिन्स अल्बर्ट, आणि सॅस्काटून. ह्या वाटेनं कुठलंही विमान जात नाही. भाऊ येतो तो टोरांटो-दिल्ली करत, नाहीतर युरोपातून. पण वाट आहे. आणि भिंतीवरच्या नकाशात ती काढायची सोयच नाही, कारण त्या नकाशात ध्रुवच नाही. वरची कड ध्रुव यायच्या आधीच कापलेली आहे.

शाळेत नकाशा भरणं मला फार आवडायचं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जगाचे कोरे आराखडे सुटे मिळायचे, दुकानदार गठ्ठ्यातून अंगठ्याला थुंकी लावून मोजून द्यायचा. किनाऱ्याला आतून निळ्या पेन्सिलीची धार धरायची आणि मग कापसाच्या बोळ्यानं ती समुद्रात पसरवायची. सूची करायची चौकटीत. ग्रीनलंडला रंग द्यायचा नाही, कोरा ठेवायचा, बर्फ म्हणून. एवढा मोठा तुकडा न रंगवता सुटतो ह्याचा मला दरवेळी आनंद व्हायचा. वर्गात बाई नकाशाची गुंडाळी आणायच्या, मागं कापड चिकटवलेली, वरखाली लाकडी दांडा. खिळ्याला अडकवून सोडली की ती खळकन उलगडायची आणि खडूच्या धुळीचा आणि जुन्या डिंकाचा वास यायचा. त्या कापडावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीनं बसलेलं होतं. कितीतरी वर्षं मी हेच जग डोक्यात घेऊन फिरले. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ साडेएकवीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, भारताचं जवळपास तेहतीस लाख, आणि आफ्रिकेचं तीन कोटी, हे आकडे मी पाठही केले असतील. पण आकडा पाठ असतो आणि चित्र डोळ्यात असतं. डोळ्यातलं जिंकतं. आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात, हे आजही मला मनातल्या मनात हाताला धरून स्वतःला दाखवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी आईला म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं." सपाट कागदावर गोल पृथ्वी बसवताना कुठंतरी ओढाताण होते, हे कसं समजवावं ह्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. ती ऐकून घेत होती, आणि मधेच म्हणाली, "अगं, मग टक्स नको का घालायला?"

मी बघतच राहिले. ज्यानं कापड बेतलंय त्याला हे सांगावं लागत नाही. सपाट कापड गोलाव्यावर बसत नाही. बसवायचं तर टक्स घालून जास्तीचं आत दाबायचं, नाहीतर कटोरीसारखे तुकडे कापून जोडायचे. दोन्ही नको असेल तर कापड ओढून ताणून बसवायचं, आणि मग कुठं चुणी पडते, कुठं शिवण उसवते. कार्ल फ्रेडरिक गाऊसनं १८२७ मध्ये गणितानं सिद्ध करून दाखवलं, की गोलाचा पृष्ठभाग कुठलीही ओढाताण न करता सपाट करता येणारच नाही. आकार सांभाळला तर क्षेत्रफळ बिघडेल, क्षेत्रफळ सांभाळलं तर आकार बिघडेल, आणि सगळीकडून सगळीकडची अंतरं तर कुठल्याच कागदावर बरोबर येणार नाहीत. आईनं हे कटोरी ब्लाउजच्या पहिल्या बेतापासून हातानं जाणलेलं होतं. जॉन पॉल गुड नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं १९२३ मध्ये कापून जोडायचाच मार्ग धरला. त्याचा नकाशा मोसंबीची साल सोलून पसरावी तसा दिसतो, समुद्रांत चिरा दिलेल्या, म्हणजे जमिनीला धक्का लागत नाही. मी तो मोबाइलवर आईला दाखवला. तिनं चष्मा सारखा करून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ह्यानं कापड वाया घालवलं नाही. पण समुद्रावरनं जाणाऱ्यानं काय करायचं?"

तिच्या ह्या प्रश्नापाशीच भिंतीवरच्या नकाशाचा उगम आहे. गेरार्डस मर्केटर, जन्म १५१२, आजच्या बेल्जियममधल्या रूपेलमोंडचा. पाखंडी असल्याच्या संशयावरून १५४४ मध्ये काही महिने कैदेत काढलेला, आणि पुढं जर्मनीतल्या डुइसबुर्गला जाऊन राहिलेला माणूस. त्यानं १५६९ मध्ये अठरा कागदांवर छापलेला जगाचा भलामोठा नकाशा काढला. त्याच्या लांबलचक लॅटिन नावातच म्हटलंय, की हा समुद्रावर फिरणाऱ्यांच्या उपयोगासाठी आहे. खलाशाची अडचण खरी होती. होकायंत्राची सुई बघून एकच दिशा धरून जहाज नेलं, तर पृथ्वीवर ती वाट वळत जाते. मर्केटरला ती वाट कागदावर सरळ रेघेत हवी होती, म्हणजे पट्टी ठेवून कोन मोजला की काम झालं. त्यासाठी त्यानं रेखावृत्तं ध्रुवाशी एकत्र येऊ न देता उभी समांतर ठेवली. म्हणजे वर जाल तसं पूर्व-पश्चिम ताणलं जाणार. मग आकार बिघडू नये म्हणून तेवढंच उत्तर-दक्षिणही ताणलं. साठ अंशांवर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. पुढं तर ते आवरतच नाही. ध्रुवावर पोचायचं तर कागद अनंत उंचीचा लागेल, म्हणून कुठंतरी कात्री लावावीच लागते. ह्या ताणाचा नेमका हिशेब कोष्टकात मांडला तो तीस वर्षांनी, १५९९ मध्ये, एडवर्ड राइट ह्या इंग्रज गणितज्ञानं.

हे वाचल्यापासून माझा मर्केटरवरचा राग गेला. त्यानं काम सांगून नकाशा दिला होता. तो जहाजातून उचलून ज्यांनी शाळेच्या भिंतीवर टांगला आणि 'हे जग' म्हणून पोरांना दाखवला, चूक त्यांची. शिवाय आजही मी लक्ष्मी रोडवर एखादं दुकान शोधताना मोबाइलवर जो नकाशा उघडते, तो मर्केटरच्याच पद्धतीवर बेतलेला असतो, कारण छोट्या जागेत ह्या पद्धतीत कोन बिघडत नाहीत. काटकोनातला चौक काटकोनातच दिसतो. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी खलाशांसाठी केलेली ती ताणाताणी मला रोज बोळ शोधून देते. त्याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवं.

तरी मन पूर्ण शांत होत नाही. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. अख्ख्या युनायटेड किंग्डमचं अडीच लाखांच्या आत. आपलं राज्य त्यांच्या देशाहून मोठं आहे. पण भिंतीवर बघावं तर ब्रिटन महाराष्ट्राच्या दुप्पट दिसतं. आइसलंड तर महाराष्ट्राच्या एक तृतीयांश, आणि नकाशावर आपल्या दीडपटीहून मोठं. माझ्या आजोबांकडे एक जुनी नकाशावही होती. तिच्यात ब्रिटिशांचा मुलूख गुलाबी रंगात असायचा, आणि सगळ्यांच्या वर ते बेट आपलं मोठं होऊन बसलेलं. त्या पानांवर मान खाली घालून बसलेल्या पोरांच्या चार पिढ्या माझ्या डोळ्यांसमोर येतात. कुणी ठरवून केलं असेल-नसेल, पण आपण लहान आहोत हे मुकाट्यानं शिकण्यासाठी एवढं पुरतं. आफ्रिकेतल्या लोकांना तर हे किती लागत असेल. जर्मनीतल्या आर्नो पीटर्सनं १९७३ मध्ये क्षेत्रफळ खरं दाखवणारा नकाशा पुढं आणला तेव्हा मोठा वाद झाला. तशीच मांडणी जेम्स गॉल ह्या स्कॉटिश पाद्र्यानं १८५५ मध्येच केली होती. त्या नकाशात आफ्रिका तिच्या हक्काची जागा व्यापते, पण उभी ओढलेली दिसते, कापड धुऊन दोरीवर पिळून टाकावं तशी. क्षेत्रफळाचा न्याय झाला, चेहऱ्याचा नाही. मला त्यापेक्षा २०१८ मध्ये आलेला 'इक्वल अर्थ' जास्त भावतो. क्षेत्रफळं खरी, आणि आकारही ओळखीचे राहतात. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननं मर्केटर सोडून असा नकाशा स्वीकारायच्या मोहिमेला पाठिंबा दिला, ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पंचावन्न देश एकत्र येऊन म्हणतात की आम्हाला आमच्या मापाचं दाखवा. ह्यात मागणं काय आहे, जे आहे तेवढंच.

पण आईची अडचण ह्यातल्या कुठल्याच नकाशानं सुटत नव्हती. 'इक्वल अर्थ'मध्येही पुणं उजवीकडे आणि सॅस्काटून डावीकडेच. ध्रुव तिथं बिंदू नाही, वरची आडवी रेघ आहे. ती रेघ ओलांडून पलीकडे कसं जायचं?

गणपतीत भाऊ तिकडे स्वतःच पूजा करतो. इथल्या गुरुजींनी रेकॉर्ड करून दिलेली पूजा फोनवर लावतो आणि तसं तसं करत जातो. संकल्पात 'जम्बुद्वीपे भरतवर्षे भरतखण्डे' येतं, 'दण्डकारण्ये देशे' येतं, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' येतं. सकाळी खिडकीबाहेर साउथ सॅस्कॅचवन नदी वाहत असते आणि आत तो हातात पाणी घेऊन गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलेला असतो. मला पूर्वी हे चुकीचं वाटायचं. आता वाटतं, संकल्प हाही एक नकाशाच आहे, मोठ्यातून लहानाकडे येणारा, तोंडानं म्हणायचा, आणि तो माणसाबरोबर जातो. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत पृथ्वी गोलच मानली होती. सूर्यसिद्धान्तात मेरू उत्तर ध्रुवावर आहे, तिथं देव राहतात आणि त्यांचा सहा महिन्यांचा दिवस नि सहा महिन्यांची रात्र असते. कुणी तिथं गेलं नव्हतं, पण सूर्य कसा फिरतो ते बघून तिथं दिवस केवढा असेल हे त्यांनी इथं बसून काढलं होतं. पुण्यातून मेरूकडे तोंड करून पुढं चालत राहिलं, तर देवांना वळसा घालून माझ्या भावाचं गाव येतं. आईला हे मी सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन बारा इंची पृथ्वीगोल आणला. आईनं खोक्यातून काढला, मांडीवर ओढला आणि आधी बोटानं त्याचे जोड चाचपले. "ह्याला कळ्या आहेत," ती म्हणाली. मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत कागदाच्या निमुळत्या पट्ट्या जोडलेल्या होत्या, होडीच्या आकाराच्या, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना टोकदार. बरोबर बारा. लहानपणी माझ्या परकराला ती अशाच कळ्या लावायची, म्हणजे घेर येतो आणि कमरेला चुण्या होत नाहीत. मार्टिन वाल्डझेम्युलरनं १५०७ मध्ये 'अमेरिका' हे नाव पहिल्यांदा छापलं, तेव्हा गोलावर चिकटवण्यासाठी अशा बारा कळ्यांचा कागदही काढला होता. पाचशे वर्षांत त्या बेतात फरक पडलेला नाही. आईनं अंगठ्याच्या नखानं एक जोड विषुववृत्तापासून वर टुंड्रापर्यंत तपासला. एका ठिकाणी कागद केसभर चुकला होता, सायबेरियातली एक नदी जोडावर तुटून जरा खाली सुरू होत होती. तिनं तेवढ्यावर बोट ठेवून मान हलवली.

मग तिनं मशीनच्या खणातून टेप काढला. पिवळा, कडांना मऊ पडलेला, पहिल्या इंचाचे आकडे पुसट झालेले. त्याचं टोक पुण्यावर ठेवलं आणि वर नेला. नाशिक, पंजाब, रशिया, आणि टेप अडला. ध्रुवावर स्टँडच्या कमानीचा पितळी स्क्रू होता. टेप त्याच्यावरून घसरून एकदा ग्रीनलंडकडे जायचा, एकदा अलास्काकडे. "ही टोपी निघत नाही का?" आईनं विचारलं. लेकीनं स्क्रूड्रायव्हर आणला, दोघींनी मिळून तो सैल केला, गोल कमानीतून सुटला आणि आईच्या मांडीवर आला. ध्रुवाच्या जागी आता करंगळीच्या नखाएवढं भोक होतं. त्या भोकावरून तिनं टेप सपाट नेला, पलीकडे उतरवला, कॅनडाच्या बेटांवरून खाली, आणि सॅस्काटूनवर चिमटीत धरला. गोलावर ते गाव छापलेलंच नव्हतं, लेकीनं आधीच पेननं ठिपका दिला होता.

"साडेअकरा," आई म्हणाली.

तिनं पुन्हा मोजलं. कपड्याचं माप ती नेहमी दोनदाच घेते. साडेअकरा इंच. मग मला काही न विचारता तिनं टेपचं टोक पुन्हा पुण्यावर ठेवलं आणि ह्यावेळी खाली उजवीकडे नेला, हिंदी महासागरावरून, ऑस्ट्रेलियाच्या अंगावरून, टास्मान समुद्र ओलांडून. ऑकलंडला चिमूट धरली, चष्मा वर केला, आकडा डोळ्यांजवळ आणला. आणि टेप तसाच धरून बसून राहिली. मी वाकून पाहिलं. साडेअकरा. दोन्ही गावं पुण्यापासून बारा हजार किलोमीटरच्या थोडं पुढं, एकमेकांत वीसेक किलोमीटरचा फरक. भिंतीवर एक अडीच विती आणि एक दीड.

"वहिनींना उगीच म्हणत होते मी," ती हळूच म्हणाली. किती वर्षं म्हणत होती, आणि काकूही किती वर्षं ऐकून घेत होत्या.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे. तिच्यात ऊन फारसं येत नाही म्हणून आई कायम कुरकुरते. कोथिंबिरीची कुंडी तिथं धरत नाही, फडकी वाळत नाहीत. त्या रात्री साडेआठला भावाला फोन लावला तेव्हा ती हॉलमध्ये बसली नाही, फोन घेऊन ओट्यापाशी गेली. मी भाजीला फोडणी देत होते. बाहेर समोरच्या इमारतीचे दिवे, त्याच्या वर थोडंसं आकाश. तो नेहमीसारखा विचारत होता, गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे. तिनं त्याला मधेच थांबवलं.

"तुझ्याकडे उत्तरेला खिडकी आहे का रे?"

"काय?"

"उत्तरेला. खिडकी."

मला ते आदल्या रात्री कळलं होतं आणि मी तिला संध्याकाळी सांगितलं होतं, की त्यालाही इकडे बघायचं तर उत्तरेलाच बघावं लागेल. तो बिचारा इतकी वर्षं भारत पूर्वेला धरून चालला असणार.

"थांब हं, बघतो," तो म्हणाला. तिकडून लाकडी जमिनीवर त्याच्या चालण्याचा आवाज यायला लागला, एक दार उघडल्याचा, मग पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा. आईनं फोडणीचा आवाज नको म्हणून हातानंच मला गॅस बारीक करायला सांगितला.